उत्क्याग्विकचे आकडे कुठे गेले?

डिसेंबर २०१७च्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान-माहिती केंद्रातले शास्त्रज्ञ नोव्हेंबरचा अहवाल तयार करत होते. अलास्काच्या तक्त्यात एक जागा रिकामी निघाली. ती होती उत्क्याग्विकची. हे अमेरिकेचं सर्वांत उत्तरेकडचं गाव, ७१ अक्षांशावर, आर्क्टिक समुद्राच्या काठावर. नोव्हेंबरच्या मध्यानंतर तिथे सूर्य मावळला की जानेवारीच्या उत्तरार्धातच पुन्हा दिसतो. २०१६पर्यंत नकाशावर त्याचं नाव बॅरो असं होतं. तिथलं केंद्र बंद पडलं नव्हतं, नोंदी रोज येत होत्या. तरीही २०१७चं अख्खं वर्ष आणि २०१६चे शेवटचे काही महिने विश्लेषणातून गायब होते. शोध घेतल्यावर कळलं, की ते संगणकानेच वगळले होते. तापमान इतकं झपाट्याने चढलं होतं, की चुका पकडण्यासाठी रचलेल्या संख्याशास्त्रीय चाळणीने ही वाढ खोटी ठरवली.

ही चाळणी का लागते, हे आधी समजून घ्यायला हवं. तापमापक जागा बदलतात, गावं वाढतात, जुनी उपकरणं जाऊन नवी येतात. थंड प्रदेशात तर थोड्याशा स्थलांतरानेही मोठा फरक पडतो. अलास्काच्या मध्यभागी फेअरबँक्स शहर आहे. तिथे हिवाळ्यात वारा पडला की जड, गार हवा दरीच्या तळाशी साचते आणि वर चढावं तसं तापमान वाढत जातं. केंद्र खोलगट जागेतून टेकडीवर नेलं, तर एका रात्रीत ‘तापमानवाढ’ झालेली दिसेल आणि ती निव्वळ खोटी असेल. म्हणून प्रत्येक केंद्राची त्याच्या शेजाऱ्यांशी जोडीजोडीने तुलना करतात. शेजारी स्थिर असताना एकटं केंद्र अचानक सरकलं, तर दोष केंद्राचा धरायचा. महाराष्ट्रासारख्या दाट वस्तीच्या मुलखात हा तर्क चांगला चालतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर केंद्रं विरळ आहेत, आणि तुलनेसाठी मिळणारे बरेच शेजारी डोंगररांगांपलीकडच्या वेगळ्याच हवामानात. त्यांच्या साक्षीवरून उत्क्याग्विकला खोटं ठरवणं म्हणजे अन्यायच होता.

कारण बदल खरा होता. १९७९ ते १९९९ या काळाच्या तुलनेत २०००नंतरचे तिथले ऑक्टोबर सरासरी ४.३ अंश सेल्सिअसने उबदार झाले, नोव्हेंबर ३.८ अंशांनी, डिसेंबर २.६ अंशांनी. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअसचेच आहेत.) पूर्वी शरद ऋतूत किनाऱ्याला लागून बर्फ असे. आता तिथे ऑक्टोबरमध्येही उघडं पाणी असतं आणि उन्हाळाभर साठवलेली उष्णता ते हवेत सोडत राहतं. बर्फ हटला की गावाचं हवामानच बदलतं, आणि अशा बदलाची खूण संगणकाला केंद्र हलवल्यासारखीच दिसते. चाळणीने आपलं काम चोख केलं होतं. आलेख अचानक सरकला का, एवढंच तिला विचारलेलं होतं. तो कशामुळे सरकला, हे तिला विचारलेलंच नव्हतं, आणि ते एकट्या आकड्यांतून कळणारही नव्हतं.

थंड प्रदेशातली दुसरी अडचण चढउतारांची. उष्ण कटिबंधात दोन जानेवारींमध्ये फारसा फरक नसतो. अलास्काच्या अंतर्भागात एक हिवाळा उणे ६२.२ अंशांपर्यंत घसरतो, जसा २३ जानेवारी १९७१ रोजी प्रॉस्पेक्ट क्रीक इथे घसरला, आणि दुसरा अगदी सौम्य जातो. एवढ्या गोंगाटात दर दशकाला काही दशांश अंशांची वाढ ऐकू कशी येणार? नेनाना गावाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९१७ साली तिथे आलेल्या रेल्वे अभियंत्यांनी टॅनाना नदीवरचा बर्फ कधी फुटेल, यावर ८०० डॉलरची पैज लावली. ती परंपरा आजही चालू आहे. बर्फावर तिपाई उभी करतात, तिची तार किनाऱ्यावरच्या घड्याळाला जोडतात, बर्फ सरकला की घड्याळ थांबतं. पैशांचा प्रश्न असल्यामुळे नोंद मिनिटापर्यंत काटेकोर. राफाएल सॅगारिन आणि फिओरेंझा मिशेली यांनी २००१मध्ये ही नोंदवही तपासली, तेव्हा बर्फ फुटण्याचा दिवस सुमारे साडेपाच दिवसांनी अलीकडे आल्याचं दिसलं. आता चढउतार पाहा. शतकभरातला सर्वांत उशिराचा दिवस २० मे २०१३, आणि सर्वांत लवकरचा १४ एप्रिल २०१९. मध्ये अवघी सहा वर्षं.

असे टोकाचे आकडे निष्कर्ष बिघडवू नयेत म्हणून एक सुंदर रीत वापरतात. तिच्यात प्रत्येक दोन वर्षांची जोडी घेऊन त्यांच्यातला उतार काढायचा आणि या सगळ्या उतारांमधला मधला निवडायचा. एखादा भीषण हिवाळा त्याला फारसा ओढू शकत नाही. ही रीत आज सेन यांचा उतार म्हणून जगभर ओळखली जाते. कोलकात्याचे प्रणबकुमार सेन यांनी तिचा पाया १९६८मध्ये पक्का केला.

पण उतार काढण्याआधी विचारायला हवं, की हा खरोखर उतार आहे की पायरी? अलास्कातला सगळ्यांत रंगलेला वाद हाच. १९५१ ते २००१ या काळाची सरळ रेषा काढली, तर ठळक तापमानवाढ दिसते. २००५मध्ये ब्रायन हार्टमन आणि गेर्ड वेंडलर यांनी तोच काळ १९७६पाशी तोडून पाहिला. आधीची पंचवीस वर्षं आणि नंतरची पंचवीस वर्षं वेगळी तपासली, तर दोन्ही तुकड्यांत बहुतेक ठिकाणी तापमान किंचित उतरतच होतं! वाढ जवळजवळ सगळी त्या एका उडीत होती. १९७६-७७च्या सुमारास अल्यूशियन बेटांवरचा कमी दाबाचा पट्टा खोल झाला आणि दक्षिणेची उबदार, दमट हवा अलास्कात येऊ लागली. ही उडी प्रशांत महासागराच्या दशकानुदशकं चालणाऱ्या उबदार-गार झोक्याचा भाग होती. त्या झोक्याला नाव मिळालं ते साल्मन माशांच्या अभ्यासातून, १९९०च्या दशकात.

इथे आकडेवारी सहज फसवते, कारण समुद्राला स्मरणशक्ती असते. उबदार वर्षामागून उबदार वर्ष येतं. एकाच घरातल्या दहा जणांना विचारलं म्हणून दहा मतं मिळत नाहीत, तसंच हे आहे. लागोपाठच्या वर्षांमधला सहसंबंध ०.५ असेल, तर साठ वर्षांच्या नोंदींचं वजन जेमतेम वीस स्वतंत्र वर्षांएवढं भरतं. हे विसरलं की निव्वळ योगायोगाच्या लाटांतही पायऱ्या दिसू लागतात. अशा परस्परावलंबी मालिकांचं गणित उभारणाऱ्यांत गिल्बर्ट वॉकर होते. १९०४ ते १९२४ ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते, मुक्काम सिमल्याला. (पुढे १९२८मध्ये मुख्यालय पुण्याला हललं. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस ते हेच.) मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध तपासले, आणि त्या शोधात उत्तर प्रशांतावरच्या वायुदाबाचा झोकाही त्यांना सापडला. मान्सूनच्या काळजीतून वाढलेलं हे गणित आज अलास्काच्या कामी येतं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

मग निकाल काय? माझ्या मते पायरी खरी होती, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. सगळं श्रेय झोक्याला असतं, तर झोका परतल्यावर तापमानही खाली आलं असतं. तसं झालं नाही. १९२५पासूनच्या नोंदींत राज्याची वार्षिक सरासरी पहिल्यांदाच गोठणबिंदूच्या वर गेली ती २०१९मध्ये. शिवाय तापमापकाशी संबंध नसलेला एक साक्षीदार आहे, तो म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. हिवाळा-उन्हाळ्याची लाट वीसेक मीटर खोलीपर्यंत विरून जाते. त्याखाली पोचतो तो फक्त दीर्घकालीन बदल. जी सरासरी आपण कागदावर काढतो, ती जमीन आपोआप काढते. आर्थर लाखेनब्रुख आणि व्हॉन मार्शल यांनी उत्तर अलास्कातल्या तेलविहिरींमधलं तापमान खोलीनुसार मोजलं आणि १९८६मध्ये दाखवून दिलं, की गेल्या काही दशकांत ते शतकभरात पृष्ठभाग २ ते ४ अंशांनी तापला आहे. या विहिरींचं केंद्र कोणी हलवलं नव्हतं.

पायरी की उतार, या प्रश्नावर तिथे लोखंड आणि पैसा अवलंबून असतो. प्रुडो बे ते व्हाल्डीझ ही सुमारे १,२८७ किलोमीटरची तेलवाहिनी १९७४ ते १९७७मध्ये बांधली गेली, म्हणजे तिच्या आराखड्यामागे होती ती त्या उडीआधीची थंड दशकं. तेल गरम असतं. पुरलं तर जमीन वितळेल, म्हणून निम्म्याहून अधिक वाहिनी खांबांवर उचलली आहे. खांबांमध्ये सुमारे १ लाख २४ हजार अमोनियाच्या नळ्या आहेत. जमिनीतली उष्णता त्या बाहेर टाकतात, पण हवा जमिनीपेक्षा थंड असेल तेव्हाच. हवामान एकदाच पायरी चढून थांबलं असेल, तर नव्या पातळीला पुरेल एवढी व्यवस्था करून भागतं. ते चढतच राहणार असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांची वाढ आजच हिशेबात धरावी लागते. २०२१मध्ये उघड झालं, की फेअरबँक्सच्या उत्तरेकडच्या एका उतारावर जमीन वितळून वाहिनीचे आधारखांब कलले आहेत. तिथली माती गोठलेली राहावी म्हणून आणखी शंभरेक नळ्या बसवायला राज्य सरकारने परवानगी दिली.