संयुक्त प्रयोग : तो कसा जमतो व का मोडतो

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत हमालांच्या मजुरीवर बोलून आम्ही व्यासपीठावरून खाली उतरलो, तेव्हा कॉलेजात शिकणारा एक मुलगा जवळ आला. कानांतली तारेची बोंडे काढीत त्याने विचारले, "आप्पा, तुम्ही एकजुटीवर एवढे बोललात, मग एक सांगा. विलायतेतल्या जुन्या रॉक बँडांतली जी म्हातारी माणसे अजून हयात आहेत, ती सगळी मिळून एक बँड झाला तर कसा होईल?" आजूबाजूचे लोक हसले. आम्हीही हसलो, कारण त्या संगीतातले आम्हांस काहीच कळत नव्हते. परंतु प्रश्न मनातून जाईना. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे न कळलेला प्रश्न वाचनालयात नेण्याची खोड जडली आहे. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आज येथे मांडीत आहो.

प्रथम हा बँड म्हणजे काय ते पाहू. चार-पाच वादक-गायक, त्यांची स्वतःची गाणी, स्वतःच्या चाली, स्वतःचे नाव आणि त्या नावावर जीव टाकणारे चाहते, असा तो संसार असतो. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळीशी त्याचे नाते फार जवळचे आहे. वेगवेगळ्या बँडांतली नावाजलेली माणसे एकत्र येऊन नवा बँड काढतात, तेव्हा त्याला तिकडे 'सुपरग्रुप' म्हणतात. १९६६ साली लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस व जिंजर बेकर या तिघांनी 'क्रीम' नावाचा असा बँड काढला. तिघेही आपापल्या वाद्यात अव्वल. पण ब्रूस आणि बेकर यांचे आपसांत पटेना. १९६८ अखेर बँड मोडला. २००५ साली ते पुन्हा काही दिवसांपुरते एकत्र आले. पुढे २०१४ मध्ये ब्रूस गेले, २०१९ मध्ये बेकर गेले. आज एकटे क्लॅप्टन उरले आहेत.

दुसरे उदाहरण १९८८ चे. बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी व जेफ लिन असे पाच नामांकित लोक एकत्र आले. या पाचांनी एक शहाणपणा केला. त्यांनी आपली खरी नावे बाजूस ठेवून सर्वांनी 'विल्बरी' हे एकच आडनाव घेतले आणि एका घरातील भाऊ म्हणून गाणी केली. मग पाटीवर कोणाचे नाव वर व कोणाचे खाली, हा तंटा उरलाच नाही. त्यांची तबकडी ऑक्टोबर १९८८ मध्ये निघाली आणि डिसेंबरात रॉय ऑर्बिसन वारले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता आपल्या घरी येऊ. असा सुपरग्रुप विलायतेत निघण्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी मराठी माणसाने तो एका रात्रीपुरता करून दाखविला होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाला. एका बाजूस गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि दुसऱ्या बाजूस ललितकलादर्शचे केशवराव भोसले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले.

या दोघांचे एकत्र येणे का कठीण होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. केशवरावांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत 'शारदे'ची भूमिका करून त्यांनी नाव मिळविले आणि वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीस स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. बालगंधर्व त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. आपणा जळगावकरांस त्यांच्याविषयी आपुलकी आहे ती उगाच नव्हे. लहानपणी गाण्याचे पहिले धडे त्यांनी याच गावात मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले, आणि आपल्या गावच्या खुल्या नाट्यगृहाला नाव त्यांचेच आहे. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली त्यांनी गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व मंडळी काढली. हेही तीन गुणी माणसांचे एकत्र येणेच होते. पण पुढे टेंबे बाहेर पडले, बोडसही बाहेर पडले. भागीदारी टिकविणे किती जड असते, हे बालगंधर्वांस ठाऊक होते.

अशा या दोन मंडळ्या एकाच बाजारातल्या. गाव तेच, प्रेक्षक तोच, खिसाही तोच. बालगंधर्वांचे चाहते वेगळे, केशवरावांचे वेगळे. एकाचे कौतुक दुसऱ्यासमोर करण्याची चोरी. आज दोन कामगार संघटना एकाच गेटवर सभासद नोंदवितात, तेव्हा जी चुरस दिसते, तीच ही. मग ते एकत्र आले कसे?

आमच्या मते याला तीन कारणे झाली.

पहिले कारण, हेतू दोघांच्याही बाहेरचा होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड निघाला व त्यासाठी देशभर एक कोटी रुपये जमविण्याचे ठरले. या फंडासाठी हा प्रयोग होता. त्यामुळे उत्पन्नात कोणाचा वाटा किती, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पैसा तिसऱ्याच्या झोळीत जाणार असेल, तर दोन मालक एका पेटीजवळ बसू शकतात.

दुसरे कारण, काम आधीच वाटलेले होते. नुसती मैफल ठरविली असती, तर आधी कोण गाणार, शेवटी कोण गाणार, पट्टी कोणाची, साथ कोणाची, यावरच आठवडा गेला असता. पण येथे लिहिलेले नाटक होते. खाडिलकरांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी प्रथम रंगभूमीवर आले, टेंब्यांच्या चाली दहा वर्षे लोकांच्या तोंडी बसल्या होत्या. धैर्यधराची पदे धैर्यधराची, भामिनीची पदे भामिनीची. दोघांची जागा नाटकानेच आखून दिली. शिवाय गोष्टही प्रसंगास साजेशी. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधरास तुच्छ लेखून नाकारते, मग वनमाला होऊन, साधा वेष घेऊन, त्याच्याजवळ जाते आणि त्याची खरी किंमत ओळखते. मान सोडल्यावाचून मिलन होत नाही, हे त्या रात्री जेवढे नाटकातल्या पात्रांना लागू होते, तेवढेच ती पात्रे करणाऱ्या दोन मालकांनाही लागू होते.

तिसरे कारण, मुदत छोटी होती. दोन मंडळ्या एक करण्याचा बेत नव्हता. प्रयोग झाल्यावर प्रत्येकाने आपल्या बिऱ्हाडी जावयाचे होते. माणूस कायमचा वाकत नाही. पण काम एका रात्रीचे आहे असे कळले, तर पुष्कळ माणसे आनंदाने वाकतात.

आता पुढचे ऐका. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव भोसले विषमज्वराने वारले. वय अवघे एकतीस. संयुक्त प्रयोगास पुरते तीन महिनेही झाले नव्हते. त्या जुलैत कोणी म्हणाले असते की घाई काय, दिवाळीनंतर पाहू, तर तो प्रयोग झालाच नसता. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. इमारत पुन्हा उभी करता येते. चुकलेली रात्र पुन्हा उभी करता येत नाही.

आमच्या चळवळीतले उदाहरण दिल्यावाचून आम्हांस पुढे जाता येणार नाही. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर या तिघा शाहिरांनी लाल बावटा कलापथक काढले. तिघांपैकी प्रत्येकजण स्वतंत्र फड चालवील अशा ताकदीचा. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांचे आवाज मैदानोमैदानी घुमले. तो लढा चालविणारी संयुक्त महाराष्ट्र समिती, ६ फेब्रुवारी १९५६ ला स्थापन झालेली, हीदेखील एक संयुक्त मंडळीच होती. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार अशी एरवी एका चटईवर न बसणारी माणसे तीत होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि थोड्याच काळात समितीची फाटाफूट झाली. लोक हे दुःखाने सांगतात. आम्हांस त्यात फारसे दुःख वाटत नाही. जे काम अंगावर घेतले होते, ते झाले होते. दुःख वाटावे ते काम होण्याआधी मोडलेल्या एकीचे.

तसे एक दुःख आमच्या नावावर आहे. ते सांगण्यास संकोच वाटतो. पण सांगितल्यावाचून हे व्याख्यान खरे होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी धुळ्यास एका ठिकाणी भरणी-उतराईच्या दरासाठी दोन संघटनांची संयुक्त समिती झाली. एक आमची. मागणी एक, दर एक, संपाची तारीख एक. सभेच्या आदल्या रात्री फलक रंगवून आला. त्यावर दुसऱ्या संघटनेचे नाव वर होते. आमचे सभासद जास्त, म्हणून आम्ही हट्ट धरला की नाव आमचे वर पाहिजे. रात्री बारापर्यंत वाद चालला. सकाळी दोन फलक झाले, दोन सभा झाल्या. आठ दिवसांत समोरच्या पक्षाने एका संघटनेशी वेगळा करार केला आणि दुसऱ्या बाजूची माणसे जुन्याच दराने पोती वाहत राहिली. ती दुसरी बाजू आमची होती. चूक कोणाची, हे आम्ही वर्षानुवर्षे दुसऱ्यांस सांगत आलो. 'संयुक्त मानापमान'ची हकीकत वाचनालयात प्रथम वाचली, त्या दिवशी ते सांगणे बंद केले.

त्या संपानंतर एका वृद्ध हमालाने आम्हांस फार साधी गोष्ट दाखविली होती. पोते पाठीवर नेणारा एक असतो, पण ते त्याच्या पाठीवर देणारे दोघे असतात. नेणारा दिसतो, देणारे दिसत नाहीत. देणाऱ्यांपैकी एकाने हात आखडला, तर पोते वाहणाऱ्याची मान मोडते. तेव्हा आम्ही मान हलविली. अर्थ फार उशिरा कळला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. विलायतेतील उरलेल्या म्हाताऱ्यांचा बँड कसा होईल? वरच्या तीन कसोट्या लावून पाहाव्या. हेतू त्यांच्या बाहेरचा असेल, कोण काय वाजवील हे आधी ठरले असेल आणि मुदत छोटी असेल, तर चांगला होईल. त्यांतली एखादी गोष्ट नसेल, तर एका मंचावर पाच मोठी नावे दिसतील आणि गाणे एकही होणार नाही. त्या पाच विल्बरींपैकी आज डिलन व लिन हे दोघेच हयात आहेत. म्हणजे नावांच्या याद्या करीत बसण्यास तिकडेही फार वेळ उरलेला नाही.

पण आमचे मन विलायतेस जात नाही, ते खानदेशातच फिरते. या मुलुखात तमाशाचे किती फड होऊन गेले, वहीगायनाच्या किती जोड्या गावोगाव जागल्या! त्यांतले पुष्कळ फड मोडले. २०२० व २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या बंदीने राहुट्या उभ्याच राहिल्या नाहीत, तेव्हा कित्येकांनी पेट्या विकल्या. त्या मोडलेल्या फडांतले कोणी ढोलकीवाले आज भाजीची गाडी लावतात, कोणी सोंगाडे नातवाला शाळेत पोहोचवितात. शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. पण तिचे कागद पुरे करण्यास हात थरथरणाऱ्या माणसास कोणीतरी सोबती लागतो.

या उरलेल्या माणसांचा एक संयुक्त वग व्हावा, एवढीच आमची कल्पना. ढोलकी एका फडाची, तुणतुणे दुसऱ्याचे, सोंगाड्या तिसऱ्याचा, गवळणीतली मावशी चौथ्याची. वग जुना, सर्वांच्या पाठांतरातला घ्यावा, म्हणजे कामाची वाटणी वगच करील. फलकावर कोणाच्याही फडाचे नाव नको. 'खानदेशचा फड' एवढेच पुरे. उत्पन्न कलावंतांच्या औषधपाण्यासाठी ठेवावे आणि हिशेब दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारावर लावावा. रात्र एकच. दुसऱ्या रात्रीचा विषय तिसऱ्या दिवशी काढावा.

फलक रंगविण्याचा खर्च आमची संघटना देईल, आणि त्या फलकावर संघटनेचे नाव असणार नाही. एवढे बोलण्यास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. आखाजीच्या सुमारास राहुट्यांचा हंगाम संपतो, माणसे घरी सापडतात. आपल्यापैकी ज्यांच्या गल्लीत असा कोणी जुना कलावंत राहत असेल, त्यांनी त्याचे नाव व पत्ता व्याख्यानमालेच्या चिटणिसांकडे पोहोचता करावा. कृपा करून दिवाळीची वाट पाहू नये.