हिंदमाताचे पाणी आणि मंजुरीचा आकडा

लालबागहून दादरकडे जाताना जोराची सर आली की बसमधला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "हिंदमाताला भरलंय का?" माझे शाळेचे दिवस परळच्या चाळीत गेले. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत जून लागला की पिठाचा डबा आणि दप्तरे माळ्यावर जात. इथे एखादी नदी नाही. मिठी नदी माहीमला समुद्राला मिळते, ती पलीकडे. मग पूर येतो कोठून? आणि तो हटवायला इतकी वर्षे का लागली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आणि भौतिकशास्त्रात आहे. दुसऱ्याचे उत्तर सरकारी कागदावरच्या एका आकड्यात आहे.

मुंबई म्हणजे मूळची बेटे. मधल्या खाड्या आणि दलदली भरून आपण त्यांची सलग जमीन केली. भर घातलेली जमीन बेटांच्या टेकड्यांपेक्षा सखलच राहिली. हिंदमाताचा भाग असाच आहे, भोवतालच्या मानाने बशीसारखा. चारही बाजूंचे पाणी तिथे उतरते आणि जमिनीखालच्या वाहिन्यांतून पूर्वेकडे रे रोडच्या बाजूने समुद्राला मिळते. समजा वाहिनी ३ किलोमीटर लांब आहे आणि दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत दीड मीटरचा फरक आहे. म्हणजे २००० मीटरला १ मीटर उतार! एवढ्याशा उतारावर पाणी रांगतच जायचे. त्यात भरती आली की तो फरकही नाहीसा होतो, आणि उतारच नसेल तर पाणी वाहणार कशाच्या जोरावर?

वर्तमानपत्रात "आज साडेचार मीटरची भरती" असे छापून येते, तेव्हा पुष्कळांना वाटते की समुद्र नेहमीपेक्षा साडेचार मीटर वर चढणार. तसे नाही. ही उंची अगदी नीच ओहोटीजवळच्या एका ठरलेल्या पातळीपासून मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्या खुणेच्या सुमारे अडीच मीटर वर असते. तेव्हा साडेचारची भरती म्हणजे सरासरीच्या वर सुमारे २ मीटर. बशीला तेवढेही पुरते.

आता मुख्य आकड्याकडे वळू. ब्रिटिश काळातल्या वाहिन्या आखताना तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरला होता, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे मानले होते. एक चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्यावर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० घनमीटर पाणी झाले. त्याचे निम्मे १२,५००. त्याला ३६०० ने भागा : सेकंदाला साधारण साडेतीन घनमीटर.

पण गिरणगावात आता मुरायला जागा कुठे आहे? गिरण्या होत्या तेव्हा त्यांच्या आवारात तळी होती, मोकळी माती होती. तिथे मनोरे आणि फरशा आल्या.

१९८५ च्या पावसाळ्यात शहर तुंबले, तेव्हा महापालिकेने सल्लागार नेमून सगळ्या जलवाहिन्यांचा अभ्यास करवून घेतला. त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला. या योजनेला 'ब्रिमस्टोवॅड' म्हणतात. तिने तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि काहीच मुरणार नाही असे मानले. वरचेच गणित पुन्हा करा. उत्तर सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर येईल. पाऊस दुप्पट धरला, पण पाणी चौपट झाले! वाहिन्या तेवढ्या मोठ्या हव्यात, शिवाय भरतीच्या वेळी पाणी उपसणारी केंद्रे हवीत. अंदाजपत्रक झाले ६१६ कोटी रुपयांचे. एवढा पैसा कोठून आणायचा, या प्रश्नावर अहवाल अडून राहिला. कामे झाली ती तुकड्यातुकड्याने.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला सुमारे १९० मिलिमीटर दुपारच्या एकाच तासात, आणि नेमकी तेव्हाच जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती. कुलाब्याला त्याच २४ तासांत ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. राज्य सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००७ मध्ये केंद्र सरकारने या योजनेसाठी सुमारे १२०० कोटी रुपये मंजूर केले. चौदा वर्षांपूर्वीचा अहवाल तेव्हा खऱ्या अर्थाने हलला. मधल्या काळात खर्चाचा आकडा मात्र पुष्कळ फुगला होता.

पैसा मंजूर झाला म्हणजे काम झाले, असेही नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध, मोगरा, माहूल अशी आठ उपसा केंद्रे ठरली होती. हिंदमाताचे पाणी उपसणारे रे रोडचे ब्रिटानिया केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. माहूलचे केंद्र मिठागराच्या जमिनीपायी वर्षानुवर्षे रखडले. जमीन एकाची, खारफुटीची परवानगी दुसऱ्याची, निविदा तिसऱ्याची. मला हा भाग भौतिकशास्त्रापेक्षा अवघड वाटतो.

केंद्राची युक्ती मात्र सोपी आहे. ओहोटीला दारे उघडी ठेवायची, पाणी आपोआप जाते. भरतीला दारे लावायची म्हणजे समुद्र आत येत नाही, आणि आतले पाणी पंपांनी दारावरून पलीकडे टाकायचे. एक पंप सेकंदाला ६००० लिटर पाणी उपसतो. ते ३ मीटर उचलायचे तर ६००० × ९.८ × ३, म्हणजे सुमारे १७६ किलोवॅट शक्ती लागते. घर्षण आणि यंत्रातली तूट धरली की आणखी जास्त. असे सहा पंप असतील तर ते, आपल्या १४ घनमीटरच्या हिशेबाने, अडीच चौरस किलोमीटरचा पाऊस निस्तरतील.

पंप येऊनही हिंदमाता भरतच राहिले, कारण पाणी पंपापर्यंत पोचायला वाहिनी अपुरी पडते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात तुंबलेल्या पाण्याखालच्या उघड्या भोकात पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला, तो याच परिसरात. पुढे २०२१ च्या सुमारास महापालिकेने दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली साठवण टाक्या बांधायला घेतल्या. सर ओसरली, ओहोटी लागली की साठलेले पाणी सावकाश सोडायचे. समजा सेकंदाला १४ घनमीटर पाणी येते आणि वाहिनी ११ नेते. उरलेले ३ घनमीटर १ कोटी लिटरच्या टाकीत सोडले, तर ती सुमारे ५५ मिनिटे पुरते. मुंबईच्या पुष्कळ सरी त्याच्या आत ओसरतात.

आता तुमच्यासाठी काम. उभ्या भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा एक डबा गच्चीवर ठेवा. पाऊस असेल तेव्हा दर तासाला पट्टीने पाण्याची उंची मोजा, आणि शेजारी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. भरलेल्या रस्त्यात मात्र उतरायचे नाही. सबंध पावसाळ्यात तासाला २५ मिलिमीटरची रेघ किती वेळा ओलांडली गेली, आणि ५० ची किती वेळा, ते मोजा. त्यातल्या किती वेळा भरती होती, तेही वहीत निराळे मांडा.