ऑनलाइन लेखनवर्गाचे पहिले पंधरा दिवस

सर्जनशील लेखन शिकवता येते का, हा प्रश्न मराठीत अजूनही किंचित कुत्सित स्वरात विचारला जातो. गायनाच्या शिक्षणाबद्दल अशी शंका कोणी घेत नाही. वर्षानुवर्षे स्वर घोटणाऱ्याला आपण साधक म्हणतो. कथेचा तिसरा खर्डा लिहिणाऱ्याची प्रतिभा मात्र कमी पडली असे मानतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू झाली आणि या शिक्षणाला एक पद्धत लाभली. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात सत्तरच्या दशकात दिलीप चित्रे सहभागी झाले होते. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये असाच अभ्यासक्रम आरंभला. पुढे नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो तेथेच शिकले.

पद्धत साधी आहे. एकाने लिहायचे, इतरांनी ते आधी वाचून यायचे आणि लेखकासमोर त्यावर बोलायचे. त्या वेळी लेखकाने गप्प राहायचे. आजचे बहुतेक ऑनलाइन वर्ग ही बैठकच पडद्यावर आणतात. काणकोण किंवा वाळपईच्या होतकरू लेखकाला त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागत नाही, ही सोय मोठीच. तरीही अनेकांचा उत्साह पहिल्या पंधरवड्यातच ओसरतो, कारण वर्गाकडून काय घ्यायचे हे ठरलेले नसते.

नाव नोंदवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: माझे लेखन किती वेळा वाचले जाणार? ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा वर्ग स्वस्त असतो, परंतु त्यात शिकणारा केवळ श्रोता राहतो. प्रत्यक्ष चर्चेच्या वर्गाचा हिशेब कागदावर मांडून पाहता येतो. १२ जणांना प्रत्येकी २ वेळा संधी द्यायची तर २४ चर्चा होतात. ८ आठवड्यांत त्या बसवायच्या तर दर आठवड्याला ३, आणि प्रत्येकीला अर्धा तास दिला तर दीड तास. हे जमण्यासारखे आहे. ४० जणांच्या वर्गात मात्र हे गणित कोलमडते, मग मार्गदर्शक कितीही नामवंत असो.

पहिला स्वाध्याय बहुधा लहान असतो: एखादी जागा, एखादी वस्तू, तीनशे शब्द. येथे अनेकजण स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवलेली जुनी कविता पुढे करतात. त्यातून हाती काही लागत नाही, कारण ती बदलण्याची तयारीच नसते. नवे आणि कच्चे लिहिलेले बरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'खूप गर्दी होती' असे लिहिले की वाचकाला काहीच दिसत नाही. 'मिरच्यांच्या राशी चुकवत एकेक पाऊल टाकावे लागत होते' असे लिहिले, की गर्दी हा शब्द न वापरताही गर्दी दिसते.

गोव्यातील लेखकाची खरी कसोटी याच्या पुढे लागते. घरात कोकणी, लेखनात मराठी आणि वर्गातले सहाध्यायी पुण्याचे किंवा इंदूरचे. 'कुळागर', 'माटोळी', 'मानस' हे शब्द कोणीतरी अधोरेखित करतो आणि विचारतो, 'म्हणजे काय?' नवखा लेखक ओशाळतो. कुळागराची बाग होते, मानशीचे झडपेत रूपांतर होते आणि कथा कोठेही घडू शकेल इतकी सपाट होते. त्या प्रश्नाचा अर्थ शब्द काढा असा नसतो. वाक्याने शब्दाला पुरेसा आधार दिलेला नाही, एवढाच असतो. 'भरती चढू लागली तशी मानशीची दारे पाण्याच्या रेट्याने मिटली आणि खाजनातले भात वाचले' एवढे म्हटले, की मन या अर्थाच्या 'मानस'शी गल्लत होत नाही आणि तळटीपही लागत नाही. सत्तरीतील आंबेडे गावच्या महादेवशास्त्री जोशींनी गोव्याची माती मराठी कथेत आणली, ती काही तिचे गोवेपण धुऊन नव्हे.

अर्थात प्रत्येक खूण अन्यायाची नसते. लिंग आणि विभक्तीप्रत्यय यांत कोकणीची छाया नकळत पडते. ती निवेदनात असेल तर दुरुस्ती मुकाट्याने स्वीकारावी, आजीच्या तोंडी असेल तर हट्टाने राखावी.

गप्प बसण्याचा नियम पडद्यावर अधिक कठीण जातो, कारण संदेशाच्या चौकटीत खुलासा टंकण्याचा मोह होतो. वाचकाला कथेसोबत लेखकाचा खुलासा मिळणार नसतो, म्हणून हा नियम. सुचवलेले उपाय सर्वच मानायचे नसतात. परंतु तीन वाचक एकाच जागी अडखळले, तर ती जागा सदोष आहे हे निश्चित. इतरांच्या लेखनावर 'छान, आवडले' म्हणण्याऐवजी लक्ष नेमके कोठे उडाले ते सांगावे. लहान राज्यात साहित्यिक मंडळींचे परस्परांशी घरोबे असतात आणि स्पष्ट बोलणे जड जाते. अनोळखी सहाध्याय्यांचा वर्ग या बाबतीत उलट उपकारकच ठरतो.

टंकलेखनाची पूर्वतयारीही हवी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडतो, युनिकोडच वापरावे. 'ऱ' हे अक्षर कळफलकावर कोठे आहे ते शोधून ठेवावे, नाहीतर लेखकाच्या दऱ्यांचा क्षणात दर्या होतो. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची, म्हणून स्वाध्याय अखेरच्या तासासाठी ठेवू नये.

वर्गात वाचलेली कथा कोणी चोरील, या भीतीने काहीजण लिहितच नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृती लिहिली जाताच लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र हे संरक्षण लिहिलेल्या रूपाला असते, नुसत्या कल्पनेला नसते. दिवाळी अंकांना सहसा अप्रकाशित साहित्य हवे असते. बंद वर्गातल्या वाचनाने त्यात अडचण येऊ नये. तीच कथा सर्वांना दिसेल अशी फेसबुकवर टाकली, तर संपादक ती प्रकाशित मानू शकतो.