वरच्या मजल्याचा आवाज: तक्रार लिहायची कशी?

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. वरचे, शेजारचे आवाज करतात, तर तक्रार करायची कुठे आणि कशी? मी पुण्यातल्या सोसायटीत राहतो, त्यामुळे महाराष्ट्रातलंच सांगतो.

ऑफिसात मी दिवसभर बग रिपोर्ट वाचतो. "ॲप नीट चालत नाही" एवढंच लिहिलेलं असेल, तर मला काहीच करता येत नाही. सोसायटीच्या कमिटीकडे जाणारे बरेच अर्ज असेच असतात. "वरचे लोक फार त्रास देतात, योग्य ती कारवाई करावी." सेक्रेटरी फोन करतो, वरचे म्हणतात "आम्ही नाही बुवा", विषय संपला.

माझी आई नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी नऊला झोपते, आणि साडेनऊला वर ठोकाठोकी सुरू. तिचं बीपी वाढायला लागलं तेव्हा आम्ही तीन आठवडे नोंद ठेवली. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, आवाज कसला आणि त्याने काय झालं. "मुद्दाम करतात" वगैरे काही नाही. वही बघितल्यावर कळलं, आवाज फक्त सोमवार ते शुक्रवार, साडेनऊ ते अकरा. वर डब्यांचा व्यवसाय होता, कुटणं आणि जड टेबल सरकवणं त्याचंच.

मग पोलीस का नाही? ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. घरातल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण मर्यादा मोजतात ठरावीक वेळेच्या सरासरीवर. खलबत्त्याचे मधूनमधून येणारे ठोके त्या सरासरीत सहज लपतात. शिवाय आईची रात्र सकाळी नऊला सुरू होते, हे नियमाला कुठे माहीत! फोनवरच्या डेसिबल ॲपवरही फार विसंबू नका. तो माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, आकडा अंदाजे समजा.

रात्री साडेअकराला गच्चीवर डीजे चालू असेल, तर मात्र सरळ ११२. नाव सांगायची भीती वाटते ना? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलंय, तक्रारदाराची ओळख पटवत बसू नका आणि ती उघडही करू नका.

रोजच्या शेजाऱ्याशी मात्र पहिली पायरी कमिटीच. अर्ज लेखी द्या आणि पोचवर शिक्का घ्या, हे विसरू नका. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीने पुढच्याच सभेत निर्णय घेऊन १५ दिवसांत कळवायचं असतं. आमच्या अर्जाची शेवटची ओळ होती, "रात्रपाळीच्या आठवड्यात कुटण्याचं काम दुपारी एकनंतर व्हावं, टेबलाच्या पायांना रबर लावावं." कमिटीने दोन्ही घरांना समोरासमोर बसवलं. काकू म्हणाल्या, "अहो, झोपायची वेळ असते हे सांगायचंत तरी!" आता आईचं ड्युटीचं वेळापत्रक त्यांच्या व्हॉट्सॲपवर जातं. टेबल अजून कधीतरी कर्रकन वाजतं, ते सोडून देतो आम्ही.

कमिटीने हात वर केले तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, देशभरची हेल्पलाइन १५१००. कोर्टात दावा न लावताही तिथे अर्ज करता येतो. समोरच्याला नोटीस जाते आणि दोघांना बोलावतात. जबरदस्तीने कोणी काही लादत नाही, समोरचा तयारच नसेल तर तडजोड होत नाही. पण लोकअदालतीत तडजोड झाली, तर ती दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते, आणि लोकअदालतीला कोर्ट फी नाही. अर्जाला ती तारखांची नोंद आणि कमिटीची पोच जोडा. आणि समोरच्याचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर नीट लिहा. "वरचे लोक" या पत्त्यावर नोटीस पोचत नाही!