बागबाजारच्या खिडकीत

कोलकात्यातला पत्ता सांगताना मला अजूनही हसू येतं. आम्ही राहतो उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारात आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक गल्ली आहे, तिचं नाव 'मराठा डिच लेन'. डिच म्हणजे खंदक. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा त्या इथवर पोहोचतील या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सुमारे सात मैल खणायचा बेत होता. तीनेक मैल काम झालं आणि थांबलं, कारण मराठे कोलकात्यात आलेच नाहीत. बंगालच्या खेड्यापाड्यांनी मात्र त्या स्वाऱ्यांचे हाल सोसले. आपल्या 'बारगीर' शब्दाचं इथे 'बर्गी' झालं आणि बर्गी आले असं सांगणारी अंगाई आजही इथल्या घराघरांत ऐकू येते.

त्याच वस्तीत पावणेतीनशे वर्षांनी आम्ही आलो. नवऱ्याची बदली, नऊ वर्षांची मुलगी, बारा खोकी आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत माझ्या आईच्या तीन सुती साड्या होत्या. नातीसाठी गोधडी शिवायची म्हणून आईनं त्या बाजूला काढल्या होत्या. गोधडी शिवण्याआधीच आई गेली. मला धड बटण लावता येत नव्हतं. त्यामुळे ती ट्रंक पुण्यात पलंगाखाली होती, ती इथेही पलंगाखालीच गेली.

नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत आणि मी घरात. बंगाली येत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या वयस्कर बाईंना सगळे 'माशीमा' म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. जिन्यात भेटल्या की त्या काहीतरी विचारायच्या, मी हसायचे. असे दोन महिने गेले.

पहिला धडा खिडकीचा

आमचं घर जुनं आहे. खिडक्यांना हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत, इथे त्यांना 'खडखडी' म्हणतात. भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या आत हातभर रुंद कट्टा तयार झालाय. मुलगी म्हणाली, "आई, इथे झाडं लावूया ना." तिच्या पुण्याच्या मैत्रिणी सुटल्या होत्या. तिला रोज बघायला काहीतरी हवं होतं, हे मला कळत होतं.

चहाचे मातीचे कप इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, त्यांना 'भाँड़' म्हणतात. चहा पिऊन लोक ते फेकून देतात. आम्ही सहा कप धुऊन आणले आणि तळाला भोक पाडायला खिळा आणि हातोडी घेतली. पाच फुटले. सहाव्याच्या वेळी अक्कल आली. कप रात्रभर पाण्यात भिजवायचा, उपडा घालायचा आणि हातोडी न मारता खिळा हातानंच हळूहळू फिरवायचा. तरी कप फारच लहान पडले. मग गोड दह्याची मातीची भांडी जमवली. ती जाड आणि खोल असतात.

स्वयंपाकघरातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरली. चौथ्या दिवशी कोंब आले, आठव्या दिवशी सगळे आडवे झाले. मातीवर पांढरी बुरशी. ऑगस्टची कोलकात्याची हवा मुळातच ओलीचिंब, त्यात मी दिवसातून दोनदा प्रेमानं पाणी घालत होते. रोपं मेली ती दुर्लक्षानं नव्हे, लाडानं.

रविवारी सकाळी गॅलिफ स्ट्रीटवर बाजार भरतो. पक्षी, मासे, झाडं, कुंड्या, सगळं रस्त्यावर. लोक त्याला 'शखेर हाट' म्हणतात, म्हणजे हौसेचा बाजार. तिथल्या रोपवाल्यानं माझी कहाणी ऐकली आणि म्हणाला, माती बदला, 'केंचो सार' घाला. मला आमटीशेजारी वाढायचं सारच आठवलं! केंचो म्हणजे गांडूळ आणि सार म्हणजे खत, हे समजायला पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत मी दोन महिन्यांत बोलले नव्हते इतकं बंगाली बोलले.

आता माझा नियम साधा आहे. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं. ओलं लागलं तर पाणी नाही. आमच्या खिडकीत सकाळी जेमतेम अडीच तास ऊन येतं. तेवढ्यावर मेथी, पुदिना आणि कोथिंबीर भागवतात, टोमॅटोला ते पुरत नाही. पुदिन्याची काडी ग्लासभर पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. धणे मात्र लाटण्यानं हलकेच दोन भाग करून पेरायचे आणि पंधरा दिवस धीर धरायचा.

खरी गंमत केली ती माशीमांनी. एके दिवशी त्या पालेभाजीचे उरलेले देठ घेऊन वर आल्या आणि न बोलता माझ्या कुंडीत खोचून गेल्या. ती होती 'पुँई शाक'. पानं फुटली तेव्हा मी ओळखलं, ही तर आमच्या कोकणातली मायाळू! आजी हिच्या पानांची भजी करायची. मी भजी तळून खाली नेली. त्या दिवसापासून जिन्यातलं हसणं संपलं आणि बोलणं सुरू झालं.

कुकरमधला केक

डिसेंबरात इथे दोन गोष्टींचा वास येतो, केकचा आणि 'नोलेन गुडा'चा. हा खजुरीच्या रसाचा नवा गूळ थंडीतच मिळतो. पातळ असेल तर 'झोला', वड्या पाडलेला असेल तर 'पाटाली'. मुलीला त्याच गुळाचा केक हवा होता. आमच्याकडे ओव्हन नव्हता.

आठवलं धोंडस. कोकणात तवशाचं धोंडस करताना पातेलं चुलीवर ठेवतात आणि वरच्या झाकणावरही निखारे ठेवतात. खालून आणि वरून धग म्हणजे ओव्हनच की! आपल्या आज्या-पणज्या भाजतच होत्या, फक्त त्याला बेकिंग म्हणत नव्हत्या.

मी जुना कुकर घेतला. शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग काढली. तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर जाळी, पाणी अजिबात नाही. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवलं. दीड वाटी कणीक, 1 चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा एकत्र चाळून घेतलं. दुसरीकडे पाऊण वाटी पातळ गूळ, अर्धी वाटी दही आणि अर्ध्या वाटीला थोडं कमी तेल फेटलं. दोन्ही मिसळताना लागेल तसं गार दूध. गरम दुधात गूळ घातला तर ते फाटतं, हे बासुंदीच्या अनुभवावरून ठाऊक होतं. मिश्रण डब्यात ओतून डबा जाळीवर ठेवला आणि आच मंद केली.

पंधराव्या मिनिटाला मुलीला राहवलं नाही. झाकण उघडलं. फुगलेला केक आमच्या डोळ्यांदेखत मध्ये खचला. तोवर फक्त कडा धरलेल्या असतात, मधलं पीठ अजून ओलं असतं. गार हवा लागली की आतली हवा आकसते आणि ते बसतं. निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून बघायची. ती कोरडी निघाली तर झाला.

खचलेल्या खड्ड्यात आम्ही आणखी थोडा गूळ ओतला आणि माशीमांकडे नेला. त्यांनी दोन तुकडे खाल्ले. मग म्हणाल्या, याच मोहल्ल्यात नोबिनचंद्र दासांनी 1868 मध्ये रसगुल्ला केला, त्यांचेही छेन्याचे गोळे आधी पाकात फुटत होते, असं लोक सांगतात. म्हणजे बागबाजारात फुटलेल्या-खचलेल्या गोष्टींना जुनी परंपरा आहे! रसगुल्ला घरी करायच्या भानगडीत मात्र मी पडले नाही. तो विकत आणावा.

सुई-दोरा

जानेवारीत एकदा माशीमांच्या पलंगावर एक मऊ पांघरूण दिसलं. पांढऱ्या कापडावर बारीक टाक्यांचं कमळ, कोपऱ्यांत कोयऱ्या. त्याला 'काँथा' म्हणतात. जुन्या साड्या आणि धोतरं एकावर एक ठेवून केवळ धावदोऱ्यानं शिवलेलं. पूर्वी दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढायचे. मी त्यावरून हात फिरवला आणि मला आईची गोधडी आठवली. शब्दही नात्यातलाच आहे. आपल्याकडे जोग्याच्या गोधडीला कंथाच म्हणतात. गोधडी जाड, ठिगळांची, कडेनं आत चौकोनात चौकोन अशी शिवलेली. काँथा पातळ, तीन-चार थरांचा, चित्रं काढलेला. पण दोन्हींचं मूळ एकच, जुनी साडी फेकवत नाही.

मी ट्रंकेची गोष्ट सांगितली. मोडक्या बंगालीत, हिंदीत, हातवारे करून. "मला शिवता येत नाही. आणि कापली अन् बिघडली तर दुसरी कुठून आणू?" माशीमा काही बोलल्या नाहीत. कपाटातून स्वतःची एक विरलेली लाल काठाची साडी काढली आणि फाडून माझ्या हातात दिली. "आगे एटा," म्हणाल्या. आधी ही.

त्यांनी शिकवलेलं थोडक्यात असं. कापड धुऊन, इस्त्री करून जमिनीवर पसरायचं. थर हातानं सारखे करायचे, कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवायच्या. मग मोठे कच्चे टाके घालून थर पक्के धरायचे. ही पायरी गाळली की कापड सरकतं, मी गाळली होती आणि सगळं उसवलं. दोरा हाताच्या कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. टाका मध्यातून कडेकडे. फार ओढायचा नाही. कापडाला हलक्या लाटा पडल्या की समजायचं, बरोबर चाललंय.

माझा पहिला रुमालाएवढा तुकडा व्हायला अडीच आठवडे लागले. कमळ फुलकोबीसारखं दिसत होतं.

याच गल्ल्यांत आणखी एक नवखी

त्याच दिवसांत मी बोसपाडा लेनमधल्या भगिनी निवेदितांच्या घरी जाऊन आले. घर जवळच आहे, आता तिथे संग्रहालय आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई 1898 मध्ये या वस्तीत राहायला आली. इथलं बंगाली, इथले रिवाज, सगळंच तिला नवीन. 13 नोव्हेंबर 1898 रोजी तिनं मुलींची शाळा सुरू केली, उद्घाटन शारदादेवींनी केलं. मुली मिळवायला ती दारोदार फिरली. लिहिण्या-वाचण्याबरोबर चित्रकला आणि शिवणकामही शिकवलं जायचं. पुढे लग्न झालेल्या बायकांसाठीही वर्ग निघाले. राष्ट्रध्वजासाठी तिनं वज्राचं चिन्ह योजलं, तेव्हा तो ध्वज तिच्या विद्यार्थिनींनी भरला आणि 1906 मध्ये काँग्रेसच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. कुणा मुलीचा एखादा टाका त्यातही वाकडा पडलाच असेल, असं वाटून मला बरं वाटलं.

तुम्हीही सुरुवात करणार असाल, तर

• एका वेळी एकच गोष्ट घ्या. मी तिन्ही एका महिन्यात करायला गेले असते, तर तिन्ही सोडल्या असत्या.

• पहिल्या प्रयत्नासाठी सामान विकत आणू नका. दह्याचं भांडं, जुना कुकर, फाटकी चादर घ्या. बिघडलं तरी जीव तुटत नाही.

• सर्वांत मौल्यवान वस्तूला तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात हात लावा. पण लावा. पेटीत जपलेल्या सुती कापडाच्याही घड्या कालांतरानं विरतात.

• मुलांना बरोबर घ्या आणि त्यांच्या चुका मोजू नका. झाकण उघडणारा हातच पुढच्या वेळी घड्याळ धरून बसतो.

• शेजारी विचारा. व्हिडिओ बघून कृती कळते, पण दोरा किती ओढायचा हे शेजारी बसलेलं माणूसच सांगू शकतं.

ट्रंक

एप्रिलमध्ये बंगाली नववर्षाच्या आदल्या दिवशी मी ट्रंक उघडली. आईची निळी साडी काढली. कात्री लावताना हात थरथरला, म्हणून पहिला काप माशीमांनी धरला आणि मी कापला. आत दोन थर त्यांच्या लाल काठाच्या साडीचे, वर आईच्या साडीचा. कमळ मला अजून जमत नाही, म्हणून कडेनं आत चौकोनात चौकोन शिवत गेले, आई शिवायची तसे. टाका बंगाली, मांडणी आपली.

पावसाळा संपेपर्यंत ते चाललं. टाके एका टोकाला बारीक आणि सरळ आहेत, दुसऱ्या टोकाला मोठे आणि तिरके. कोणत्या टोकाला सुरुवात केली, हे कुणीही ओळखेल. माशीमांनी उलट बाजूनं तपासलं, दोन गाठी दाखवल्या. मी उसवायला घेतल्या, तर हात धरला. "थाक," म्हणाल्या. असू दे.

मुलगी आता रात्री तेच पांघरते. खिडकीत मायाळू वर चढून झडपांच्या पट्ट्यांतून बाहेर डोकावतेय. केक अजूनही कधीकधी खचतो. ट्रंकेत दोन साड्या शिल्लक आहेत. आता ती ट्रंक पलंगाखाली नाही, खिडकीजवळ ठेवली आहे. तिच्यावर बसून शिवायला उजेड चांगला मिळतो.