स्थानक जुनं, पण कुठल्या सालचं?

जुनं रेल्वे स्थानक 'पूर्वीसारखं' करायचं ठरलं की पहिला वाद होतो तो पूर्वी म्हणजे कधी, यावर. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या ब्लूबेल रेल्वेने हा वाद मोठ्या चतुराईने मिटवला. त्यांच्याकडे खेड्यांतली तीन जुनी स्थानकं होती आणि त्यांनी तिन्हींना तीन काळ वाटून दिले. शेफील्ड पार्क व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, हॉर्स्टेड कीन्स दोन महायुद्धांच्या मधलं आणि किंग्सकोट १९५०च्या दशकातलं.

ही तिन्ही स्थानकं ज्यावर आहेत तो लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड मार्ग १ ऑगस्ट १८८२ रोजी सुरू झाला. शेफील्ड पार्क हे नाव तिथल्या अर्लच्या जहागिरीवरून आलं. ऑस्ट्रेलियातल्या शेफील्ड शील्ड स्पर्धेला ज्यांचं नाव आहे, तेच हे क्रिकेटवेडे अर्ल. वस्ती विरळ, उत्पन्न बेताचं. मे १९५५मध्ये ब्रिटिश रेल्वेने गाड्या बंद केल्या.

मग मॅज बेसेमर या स्थानिक बाईंनी मूळ कायदा उकरून काढला. मार्गाला परवानगी देताना संसदेने अट घातली होती: रोज चार गाड्या, ठरलेल्या स्थानकांवर थांबणाऱ्या. रेल्वेची पंचाईत झाली. ऑगस्ट १९५६मध्ये गाड्या पुन्हा धावू लागल्या, पण अशा की कोणी बसूच नये. बहुधा एकच डबा, वेळा कोणाच्याही सोयीच्या नाहीत. किंग्सकोटचं नाव कायद्यात नव्हतं, म्हणून गाडी तिथे थांबतच नसे. लोक तिला 'रुसलेली गाडी' म्हणू लागले. इतका काटेकोर सूड सरकारी खात्यालाच सुचावा! अखेर संसदेकडून ती अटच रद्द करून घेतली गेली आणि मार्च १९५८मध्ये मार्ग पुन्हा बंद झाला.

१९५९ साली उत्साही मंडळींनी संस्था काढली; तिच्यातूनच ब्लूबेल रेल्वे उभी राहिली. त्यांना खरं तर रोजच्या प्रवाशांसाठी डिझेल गाडी चालवायची होती. पण सगळा मार्ग विकत घेणं जमेना आणि गावकऱ्यांनाही फारसा रस नव्हता. तेव्हा ठरलं, निदान शेफील्ड पार्क ते हॉर्स्टेड कीन्स एवढ्या तुकड्यावर जुनी वाफेची इंजिनं पळवू, कामाला बिनपगारी स्वयंसेवक. ७ ऑगस्ट १९६० रोजी गाडी निघाली. पहिल्या इंजिनांत होतं १८७५चं चिमुकलं 'स्टेपनी'.

हॉर्स्टेड कीन्स अनेकांनी न जाता पाहिलेलं आहे. 'डाउनटन अ‍ॅबी' मालिकेतलं डाउनटन स्थानक ते हेच. हिरवा-पांढुरका रंग, फलाटावर जुन्या जाहिरातींच्या पत्र्याच्या पाट्या, हाताचे सिग्नल. देखणं आहे, यात शंका नाही. पण माझं मत किंग्सकोटला. राजेशाही थाटाचा किंवा मालिकांतला काळ उभा करायला कोणालाही आवडेल. १९५०चं दशक मात्र रेल्वेच्या उतरत्या कळेचं, ज्यांनी पाहिलं त्यांनाही सामान्यच वाटलेलं. 'रुसलेली गाडी' जिथे थांबलीच नाही, त्याच स्थानकावर नेमकं ते दशक जपलं आहे. इमारत मधल्या काळात खासगी घर झाली होती. १९८५मध्ये ब्लूबेलने ती विकत घेतली, आणि रूळ तिथवर पोचायला १९९४ उजाडलं. एखादा चिकित्सक म्हणेल, एकाच प्रवासात सत्तर वर्षं ओलांडणारी गाडी खोटी नव्हे का? असेल. पण चारही बाजूंनी एकसारखी रंगवलेली 'हेरिटेज' स्थानकं त्याहून खोटी असतात.

सगळंच वाचलं नाही. वेस्ट होथलीचं स्थानक १९६७मध्ये पाडलं गेलं. आज गाडी त्या जागेवरून न थांबता पुढे जाते.

सर्वांत घाण काम शेवटच्या टप्प्यात होतं, शब्दशः. ईस्ट ग्रिन्स्टेडजवळची इंबरहॉर्नची खोल खोदाई मार्ग बंद पडल्यावर घराघरांतल्या कचऱ्याने भरून टाकली होती. स्थानक रंगवायला, बाकडी दुरुस्त करायला स्वयंसेवक मिळतात. कचऱ्याच्या डोंगराला यंत्रं लागतात आणि पैसा. देणग्या गोळा झाल्या, हजारो टन कचरा मालगाड्यांत भरून रेल्वेनेच हलवला गेला. २३ मार्च २०१३ रोजी गाडी पुन्हा ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचली. मार्ग आता सुमारे १८ किलोमीटरचा आहे.

लंडनमध्ये कोणी नातेवाईक असतील तर एक दिवस काढाच. व्हिक्टोरिया स्थानकातून ईस्ट ग्रिन्स्टेडला थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. उतरलं की ब्लूबेलचा फलाट शेजारीच. वाफेची गाडी वर्षभर रोज धावत नाही, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्या, आणि किंग्सकोटला उतरायला विसरू नका.