नंबर पडण्याआधी

1 ऑगस्ट 1962 रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली एक छोटेखानी समारंभ झाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, जन्माला आली. त्या सुमारास इथे रस्त्याकडेला आणि कंपाउंडच्या आत जी रोपं लागली, त्यांतली टिकलेली झाडं आज साठी उलटून गेली आहेत. महाराष्ट्राचा कायदा पन्नाशी गाठलेल्या झाडाला ‘हेरिटेज’ मानतो. लेथ मशिन, प्रेस शॉप, पावडर कोटिंग आणि आता काचेचे आयटी पार्क असलेल्या या वसाहतीला वारसा हा शब्द कोणी चुकूनही लावत नाही. पण कायद्याच्या हिशेबाने इथला एखादा धुरकट रेन ट्री हेरिटेज आहे, आणि ज्या कारखान्याच्या फाटकाशी तो लावला गेला, तो कारखाना मात्र केव्हाच बंद झालेला असतो.

रेन ट्री मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. वाढायला भरभर, पसरायला ऐसपैस. त्याच्याखाली काय काय मावतं ते इस्टेटमधल्या कुठल्याही आडव्या रस्त्यावर पाहून घ्यावं. चहाची टपरी, रिक्षा स्टँड, पंक्चरवाला, दुपारच्या सुट्टीत डबा उघडून बसलेले कामगार, टेम्पोच्या केबिनमधून पाय बाहेर काढून झोपलेला ड्रायव्हर आणि बुंध्याला टेकून वर्षागणिक वाढत जाणारं एखादं देऊळ. या सगळ्यांसाठी ते बिनभाड्याचं छप्पर आहे. समोरच्या गाळेवाल्याला मात्र त्याच झाडामुळे कंटेनर वळवता येत नाही आणि नावाची पाटी दिसत नाही. झाडलोट करणाऱ्या बाईला फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाबद्दल काय वाटतं ते विचारायची सोय नाही.

झाडाबद्दलची भावना नुसत्या प्रेमाने किंवा प्रेमाच्या अभावाने ठरत नाही. आपण त्या झाडापासून किती फुटांवर राहतो आणि ते आपल्याला काय देतं, यावर ती बरीच अवलंबून असते. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईतल्या आरे वसाहतीतली, मेट्रो कारशेडसाठीची वृक्षतोड रोखण्याच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेमध्ये करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला थांबवेपर्यंत 2,141 झाडं पडली होती. ठाण्यातले अनेक जण तेव्हा मनापासून हळहळले. त्यांतलेच काही जण सोसायटीच्या सभेत जांभळाचं झाड काढण्याचा ठराव मांडतात, कारण गाडीवर डाग पडतात. मी अशा सभांना बसलो आहे. कारणं ठरलेली असतात: पाला साचतो, वटवाघळं येतात, सोलर पॅनेलवर सावली पडते, मुळं टाकीत शिरतील. शेवटच्या कारणात कधीकधी तथ्य असतं. बाकीच्यांवर फांद्या हलक्या करून भागतं.

उघडपणे झाड तोडायला फारसं कोणी धजत नाही. त्यामुळे ते मारण्याच्या आडवाटा निघाल्या आहेत. बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओततात. खोडाभोवतीची साल गोल तासून काढतात. मुळाशी रोजचा कचरा जाळतात. ‘छाटणी’च्या परवानगीवर एकाच बाजूच्या फांद्या उतरवतात, म्हणजे पुढच्या जुलैत वारा उरलेलं काम करतो. आणि सगळ्यात शिष्टसंमत पद्धत म्हणजे फुटपाथ नवा करताना सिमेंट थेट खोडापर्यंत भिडवणं. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच खोडाभोवती एक मीटर माती मोकळी ठेवायला सांगितलं होतं. इस्टेटच्या फुटपाथवरून जाताना खाली पाहिलं, तर पेव्हर ब्लॉक खोडाला इतके चिकटून बसवलेले दिसतात की वाढत्या खोडाने त्यांतले दोनतीन उचलून तिरके केले आहेत आणि एकाची कडा सालीत रुतली आहे. मग तक्रार येते, की झाडामुळे फुटपाथ उखडला.

परंपरेचा दाखला देऊनही आपल्याला सुटता येत नाही. वटपौर्णिमेला ठाण्याच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला येतात, दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो, कोकणात शिमग्याला सावर, आंबा नाहीतर पोफळ तोडून वाजतगाजत होळी उभी करतात. मात्र तोडण्याआधी विचारण्याची रीत जुनी आहे. सहाव्या शतकातला वराहमिहीर ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्यावर वस्ती करणाऱ्यांची पूजा करून त्यांना दुसरीकडे जाण्याची विनंती करायला सांगतो. पण मला सर्वांत नेमका वाटतो तो रामचंद्रपंत अमात्यांचा नियम. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात ते सांगतात की सागासारखं लाकूड परवानगीने तोडावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावू नये. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. आरमार म्हणजे त्या काळचा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रकल्प, तरीही गरज आहे एवढ्यावर तिथे भागत नव्हतं. दुसरा मार्ग आधी पाहायचा, झाडाची अवस्था पाहायची आणि ज्याचं जाणार त्याची संमती घ्यायची.

आजचा कायदा 1975 चा, शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा. झाड मेलेलं, रोगट किंवा उन्मळलेलं असेल, जिवाला वा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा असेल, तर परवानगी द्यावी, असं तो म्हणतो. 2021 च्या दुरुस्तीने हेरिटेज झाडाची कल्पना आणली आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावण्याचं बंधन घातलं.

‘धोका’ हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नये. जुलै 2017 मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात त्या दगावल्या. त्या झाडाबद्दल रहिवाशांनी आधी तक्रार केली होती, पाहणीही झाली होती आणि झाड ठीक असल्याचा निष्कर्ष निघाला होता. प्रत्येक झाड वाचलंच पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण विसरता कामा नये. पोखरलेलं झाड वरून हिरवंगार दिसू शकतं. बुंध्याशी अळंब्या उगवल्या असतील, खोडावर लाकडी हातोडा मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, एका बाजूची माती भेगाळून उचलली असेल किंवा झुकाव गेल्या वर्षापेक्षा वाढला असेल, तर ते झाड वर्दळीच्या रस्त्यावरून काढावं आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. मुंबई परिसरात मिलीबगच्या किडीने कितीतरी रेन ट्री वाळले. असं वाळकं झाड शाळेच्या बसथांब्यावर उभं ठेवण्याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत. पण धोका कोणी जोखायचा? खोडाच्या आतली पोकळी ध्वनिलहरींनी तपासणारी यंत्रं आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुकादमाची नजर आणि तक्रारदाराचा आवाज यांवर काम चालतं.

उखडलेल्या फुटपाथवरून आठवलं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये रस्तेदुरुस्तीच्या मोठ्या खासगी कंत्राटात हजारो झाडं काढली गेली, त्यांतली कितीतरी निरोगी होती. मुळांनी कडेचे दगड हलवले हे एक मुख्य कारण. नोव्हेंबर 2016 मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाचच्या सुमाराला लोकांना उठवून झाडं तोडली, विरोध करणाऱ्यांना अटक झाली. अटक झालेल्यांत सत्तरीतल्या बायकाही होत्या. सुमारे 5,600 झाडं गेल्यावर 2018 मध्ये काम थांबलं. 2023 च्या चौकशी अहवालाने नगर परिषदेने लोकांची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केल्याचं नोंदवलं आणि परिषदेने माफी मागितली. यातली मेख अशी, की मुळांभोवती लवचीक फरसबंदी करणं किंवा कडेचा दगड थोडा सरकवणं असे उपाय कागदावर होतेच. ते फारसे वापरले गेले नाहीत.

वागळे इस्टेटपुढे यापेक्षा अवघड प्रश्न येतो आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली: 29 किलोमीटर, 22 स्थानकं, त्यातला 26 किलोमीटर मार्ग उन्नत. रायलादेवी, वागळे सर्कल, लोकमान्यनगर ही स्थानकं याच पट्ट्यातली. इस्टेटशेजारच्या किसननगरच्या दाटीत राहणाऱ्या आणि सकाळी ठाणे स्टेशन गाठताना रिक्षाच्या रांगेत अर्धा जीव घालवणाऱ्या माणसाला मेट्रो नको, झाड हवं, असं सांगायला मी जाणार नाही. किसननगरात झाडच मुळी शोधावं लागतं. तिथल्या समूह पुनर्विकासाच्या ‘क्लस्टर’ योजनेचं भूमिपूजन 2023 च्या जूनमध्ये झालं, आणि त्या आराखड्यातली मोकळी जागा प्रत्यक्षात उतरली तर तिथल्या पोरांना पहिल्यांदाच झाडाखाली खेळता येईल. पण खांब रस्त्याच्या मध्ये की कडेला, जिना कुठे उतरणार, कास्टिंग यार्ड कुठे, हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर झाडांचा नकाशा असतो का? असू शकतो. पूर्व द्रुतगती मार्गावर दरवर्षी गुलाबी फुलोरा येणारी टॅबेबुयाची झाडं उन्नत रस्त्याच्या कामात जाणार होती. लोकांनी आवाज उठवला आणि 2025 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) आराखडा बदलून 127 झाडं वाचवण्याचं ठरवलं. आराखडा बदलता येतो, एवढं तरी त्यावरून सिद्ध झालं.

इस्टेटच्या शेजारचं मनोरुग्णालय हे माझ्या मते सगळ्यांत कठीण प्रकरण. 1901 सालचं हे रुग्णालय बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या धर्तीवर नव्याने उभारायचं आहे, आणि आवारातल्या शेकडो झाडांवर त्याची कुऱ्हाड आहे. जुन्या इमारतींत राहणाऱ्या मनोरुग्णांना चांगली वास्तू मिळायला हवी, यात वाद नाही. पण या रुग्णांच्या उपचारात झाडी हासुद्धा एक भाग असतो. इथे झाडं विरुद्ध माणसं अशी मांडणी केली, की दोन्हीकडून चुकतं.

भरपाईच्या झाडांवर माझा विश्वास कमी आहे. साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपं, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण वागळे इस्टेटमध्ये साठ रोपांना जागा कुठे? ती लागतात शहराबाहेर, एखाद्या टेकडीवर, आणि आडव्या रस्त्यावरचा रिक्षावाला उन्हातच राहतो. पुनर्रोपणाचंही तसंच. वड, पिंपळ, उंबर हे कूळच चिवट आहे, मुळांचा मातीसकट गोळा नीट काढला, फांद्या उतरवल्या आणि निदान दोन पावसाळे पाणी दिलं तर ती धरतात. आंबा-फणसाचं सोटमूळ तुटलं की आशा थोडी. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2021 मध्ये झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरली, त्यातले 45,000 नुसत्या प्राणवायूचे. प्राणवायूचा हा हिशेब मला ओढूनताणून वाटतो. सावलीची आणि चार अंश कमी तापलेल्या डांबराची किंमत लावली असती तर जास्त पटलं असतं. तरी फायदा हा, की प्रकल्पाच्या खर्चात झाडाच्या रकान्यात शून्य लिहिता येत नाही.

तोडायच्या झाडांवर रंगाने नंबर पडतात, खोडावर सूचना लावतात, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. सूचना बहुधा खिळ्याने ठोकलेली असते, हा आणखी एक विनोद. आपल्या हरकती या वेळी सुरू होतात आणि बहुतेक भावनांनी भरलेल्या असतात. ‘आमचं झाड तोडू नका’ या वाक्यावर वृक्ष अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही. झाडाचा क्रमांक, प्रजाती, खोडाचा घेर, फोटो, आणि रस्ता किंवा खांब नेमका किती मीटर सरकवला तर ते वाचेल, हे लिहिलं की त्या मुद्द्यावर सुनावणी मागता येते. वर्तुळाकार मेट्रोच्या मार्गावर राहणाऱ्यांनी तर नंबर पडायची वाट पाहू नये. मार्गाची आखणी जाहीर आहे, झाडं जागेवर आहेत, घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते.